दोघांच्या नावानं लावलेलं कुलूप

‘नो सीक्रेट की.’ काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच उमटलं आणि खालच्या ओळीत तो चौकोनी ठिपका पुन्हा मिचमिचायला लागला. उत्कर्षानं फाइल उघडायचा हाच हुकूम आज सकाळपासून कितीदा दिला होता देव जाणे. दर वेळी मशीन क्षणभर थांबायचं, तेवढ्या वेळात तिच्या छातीत काहीतरी वर उचललं जायचं, आणि मग तीच ओळ. तुझ्याकडं किल्ली नाही, बाई, ऊठ, घरी जा. मशीनला काय, ना लाज ना माया. माणूस निदान नजर तरी चुकवतो. खाली रस्त्यावर बारामतीच्या भिगवण चौकाकडनं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते, एकाच्या टपावरचा कर्णा असा ठणाणत होता की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलत होतं. आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर, चपला खाली काढून, पाय वर घेऊन जयवंताबाई बसल्या होत्या. सांगवीहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. त्यांना त्यांच्या लेकीचा आवाज पाहिजे होता.

आवाज होता, तेच तर दुखणं. हरवला असता, पुसला गेला असता, तर एकदाच रडून मोकळं होता आलं असतं. फाइल तिथंच होती, तिला नाव होतं, तारीख होती, उघडायला गेलं की मात्र दगड. हे सगळं समाधाननं बसवलेलं. समाधान म्हणजे संस्थेतला कॉम्प्युटरचा माणूस. खरं तर कॉम्प्युटरचा, इन्व्हर्टरचा, गळक्या नळाचा, सगळ्याचाच. संस्थेचं काम बायकांची गाऱ्हाणी ऐकायचं, नोंदवायचं, कोर्टापर्यंत सोबत जायचं. राजलक्ष्मीताईंनी ती सुरू केलेली, उत्कर्षा पहिल्यापासूनची, समाधान मागाहून आलेला. एकदा एका कार्यकर्तीच्या हातातला मोबाइल एका बाईच्या नवऱ्यानं हिसकावला आणि त्यातलं बायकोचं सगळं बोलणं चौकात उभं राहून ऐकलं. त्या बाईचं पुढं काय झालं ते उत्कर्षाला अजून आठवायला नको वाटतं. त्या दिवसापासून समाधाननं नियमच घातला. रेकॉर्डिंग झालं की कुलूपबंद करायचं आणि मोबाइलमधलं मूळ लगेच पुसायचं, प्रत कुठं ठेवायची नाही. राजलक्ष्मीताईंनी हात झटकले, ‘मला ते किल्ल्याबिल्ल्यांचं नको रे बाबा, मला घरातला गॅस बंद केलेला आठवत नाही, तुम्ही दोघं बघा.’ मग दोघांच्या नावानं कुलूप. ‘सोपं आहे, ताई,’ समाधान म्हणाला होता. ‘समजा मी माझी उघडी कुलपं गावभर वाटली. ज्याला माझ्यासाठी काही ठेवायचंय त्यानं पेटीत ठेवावं, माझं कुलूप दाबावं, बसलं. मग त्याला स्वतःलाही उघडायचं नाही. किल्ली एकट्या माझ्याकडं. आपण प्रत्येक पेटीला एक माझं लावू, एक तुमचं. दोन्हीतलं कुठलंही एक निघालं की पेटी उघडती.’ आणि दोघांच्याही किल्ल्या गेल्या तर, असं तिनं विचारलं होतं. ‘एकदम दोघांच्या कशाला जातील?’ तो हसला होता. हसला की त्याचा पुढचा टवका उडालेला दात दिसायचा. त्या दाताकडं बघून माणसाला उगीचच बरं वाटायचं.

आता एकदम गेल्या नाहीत हेही खरंच. आधी तिची गेली. तिचीच, आणि कशी म्हणाल तर दसऱ्याच्या मुहूर्तावर. दुकानदारानं फलक लावला होता, जुना लॅपटॉप द्या नवा न्या, आणि उत्कर्षाच्या आईनं पंचांग उघडून ठेवलं होतं, की दुपारच्या आत यंत्र घरात यायला हवं, पुढं वेळ चांगली नाही. उत्कर्षानं घाईघाईनं जुन्यातलं सगळं पेनड्राइव्हवर ओढलं, कागदपत्रं, फोटो, अण्णांच्या वर्षश्राद्धाचेसुद्धा. किल्ली ज्या फोल्डरात राहते त्याचं नाव टिंबानं सुरू होतं, आणि टिंबानं सुरू होणारी फोल्डरं साध्या नजरेला दिसतच नाहीत. ती मुद्दाम दाखव म्हणावं लागतं. तिनं म्हटलं नाही. जुनं मशीन दुकानदारानं तिच्यासमोर पुसून कोरं केलं, नव्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल बसलं. समाधाननं फोनवर विचारलंही होतं, ‘जुनी किल्ली घेतली ना, ताई?’ आणि ही म्हणाली, घेतली की. चार दिवसांनी चूक कळली तेव्हा कान पकडून त्याच्यासमोर उभी राहिली. तो रागावला नाही. तो कधी रागवायचाच नाही, हाही एक वैतागच होता. म्हणाला, ‘नवी करा. नव्याचं कुलूप मला पाठवा. जुन्या पेट्या मी माझ्या किल्लीनं उघडतो आणि तुमच्या नव्या नावानं परत लावतो, तासाभराचं तर काम. दिवाळी होऊ द्या.’ दिवाळी झाली. दिवाळीनंतर त्याच्या पोटात दुखायला लागलं, आधी त्याला सगळे फराळाचं अजीर्ण म्हणाले, मग पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला वेगळं नाव दिलं.

त्या जुन्या पेट्यांत जयवंताबाईंच्या लेकीची, मोनाची पेटी होती. मोना आली ती गणपतीत, ऐन गर्दीत. सासर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकडेचं एक गाव. नवऱ्याला सांगून आली होती की डोळ्याला चष्मा लागलाय का बघते. बसल्या बसल्या तिनं आधी पंखा बंद करायला सांगितला. ‘आवाज येतो मधी,’ म्हणाली. उत्कर्षाला ते फार लागलं होतं, कारण अशा जागी येणाऱ्या बायका आपला आवाज कमीत कमी यावा अशाच बसतात, आणि ही पोर म्हणत होती की नीट ऐकू आलं पाहिजे. उंच, काटकुळी, बोलताना मधूनच हसायची, हसण्यासारखं काही नसताना. आणि ‘म्हंजी असं की’ म्हणून प्रत्येक वाक्याची सुरुवात करायची. तक्रार नको म्हणाली. ‘नुसतं ठिवा. लागलं तर असू द्या.’ उत्कर्षानं समोर बसून सगळं ऐकलं, समाधाननं तिच्यादेखत ते कुलपात घातलं, मोबाइल रिकामा करून तिला दाखवला. मोनानं दोघांकडं बघून विचारलं, ‘तुमच्या दोघांशिवाय कुणालाच न्हाय ना उघडायचं?’ समाधान म्हणाला, ‘देवालासुद्धा नाही.’ मार्गशीर्षात मोना गेली. पाण्याची बाटली समजून तणनाशक प्यायली, असं सासरचे सांगतात. उसात फवारायचं ते तणनाशक, त्याचा वास फर्लांगावरनं येतो; त्याला कोण पाणी समजेल, तुम्हीच सांगा.

पोलिसांनी नवऱ्याला धरला, तेव्हाच ती पेटी उघडायला हवी होती. उत्कर्षाला हे कळत नव्हतं असं नाही. समाधान तोवर पुण्याहून भिगवणला आईवडलांकडं येऊन पडला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि तरी घरोघर म्हणायचं असतं, घरी आणलंय, आता सुधारेल. उत्कर्षाच्या घरात तर हे फारच. आई तिन्हीसांजेला कुणी वेडंवाकडं बोललं की तोंडावर हात ठेवायची, ‘गप, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ अण्णा गेले तेही तसेच गेले. दवाखान्यातल्या त्या पोपटी भिंतींच्या खोलीत, नाकात नळी, आणि आई उशाशी बसून रोज त्यांना सांगायची, परवा घरी जायचं हं. भाऊ सांगायचा, परवा घरी. उत्कर्षाही सांगायची. अण्णा एकदा तिच्याकडं बघत राहिले होते, काहीतरी विचारायचं असल्यासारखे, आणि तिनं घाईनं उशी सारखी केली होती. त्यांना काय विचारायचं होतं? जमिनीचं असेल, आईचं असेल, किंवा नुसतं एवढंच की, पोरी, मी मरतोय का? कुणीच विचारू दिलं नाही. नव्या किल्लीला परवलीचं वाक्य घाला असं मशीननं म्हटलं तेव्हा उत्कर्षाच्या बोटांनी आपसूक तेच टाइप केलं होतं, परवा घरी जायचं. दिवसभर दुसऱ्या बायकांना ‘बोला, न बोलून काय होतं’ म्हणायचं, पैसे त्याचेच घ्यायचे, आणि आपल्या घरात उशा सारख्या करत फिरायचं. हसावं की रडावं.

तर ती भिगवणला गेली. राजलक्ष्मीताईंनी बजावून पाठवलं होतं, ‘मोनाची फाइल तेवढी उघडून घे, त्याला त्रास नको देऊ, पण घे.’ वाटेत तिनं शहाळी घेतली, मोसंबी घेतली, आणि गाडीत सगळा वेळ वाक्यं जुळवली. समाधान, ते कुलपाचं तेवढं करून टाकू. नको, ‘करून टाकू’ नको, त्यात घाई दिसते. समाधान, तू बरा होईपर्यंत माझ्याकडं असू दे. हे जरा बरं. पण दारात पाऊल टाकलं आणि जिभेचं लाकूड झालं. तो खाटेवर नव्हताच जणू, नुसती चादर होती आणि चादरीच्या वरच्या टोकाला डोळे. घराच्या मागं उजनीचं पाणी लांबवर चकाकत होतं, शेजारी कुणाकडं तरी चिलापी मासे तळत होते, तो वास घरभर. ‘ताई, वास खाऊन जगतोय,’ तो म्हणाला. ‘आई एक तुकडा देत नाही.’ त्याची आई लक्ष्मीबाई पदराआड हसल्या आणि आत गेल्या. स्टुलावर, हाताच्या अंतरावर, त्याचा लॅपटॉप होता, धूळ बसू नये म्हणून वर नॅपकिन टाकलेला. उत्कर्षानं तो बघितला. त्यानं तिला बघताना बघितलं. मग तो म्हणाला, ‘मोना कशी आहे?’

ह्याला काय उत्तर द्यायचं? आजाऱ्यापुढं मेल्याची बातमी काढायची नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हाडातच होतं. ती म्हणाली, ‘बरी आहे.’ झालं. एवढ्या दोन शब्दांत सगळं संपलं. मोना बरी असेल तर तिची पेटी आज कशाला उघडायची? आणि आज उघडायची तर मग का, समाधान उद्या नसणार म्हणून? दोन्हीकडून दारं तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतली. ‘छान,’ समाधान म्हणाला. ‘धीट आहे पोरगी.’ मग तो रोहित पक्ष्यांबद्दल बोलला, यंदा उशिरा आलेत म्हणाला, पुण्याचे लोक कॅमेरे घेऊन येतात आणि पक्षी सोडून एकमेकांचेच फोटो काढतात म्हणाला. मधे दोनदा थांबला. दोनदा त्याचे ओठ हलले. दोन्ही वेळा उत्कर्षानं मोसंबं सोलायला घेतलं. ‘तू बरा हो,’ ती उठताना म्हणाली, ‘मग कामाचं सगळं निवांत बघू.’ त्यानं मान हलवली. परत येताना गाडीत तिला इतकं मोकळं वाटलं होतं की तिची तिलाच चीड आली, परीक्षा रद्द झाल्यावर वाटतं तसं मोकळं. राजलक्ष्मीताईंना सांगितलं, तो फार दमला होता, पुढच्या आठवड्यात जाते. पुढचा आठवडा आला तो निरोप घेऊनच आला.

समाधानचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्यासाठीची बुद्धवंदना, झाल्यावर भानुदास गुरुजी स्वतः लॅपटॉप घेऊन बारामतीला आले. समाधानचे वडील, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं, उन्हातान्हात सायकल मारून अंग खारकेसारखं झालेलं. ‘जय भीम’ करून खुर्चीच्या कडेवर बसले आणि टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला. ‘ऑफिसचं ऑफिसात द्या म्हणाला होता.’ मशीन सुरू झालं, किल्ली आत होती, टिंबवाल्या फोल्डरात, जशीच्या तशी. पण किल्लीलाही कुलूप असतं. परवलीचं वाक्य मागितलं मशीननं. उत्कर्षानं विचारलं, ‘गुरुजी, त्यानं काही सांगितलं होतं का? एखादं वाक्य? एखादा शब्द?’ गुरुजी बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिले. ‘मला वाटलं तुम्हाला दिलं असेल. तुम्ही आलात ना त्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवसापासून वाट बघत होता. उत्कर्षाताईंना द्यायचंय म्हणत होता. मी म्हटलं, आल्या की दे की लगेच. तर म्हणाला, आपण होऊन दिलं तर त्यांना वाटेल मी निरोपच घेतोय. त्यांच्याकडं असलं बोललेलं चालत नाही, बाबा. त्या विचारतील, मग देईन.’ गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘तुम्ही गेल्यावर आम्ही विचारलं, दिलंस का? तर म्हणाला, विचारलं नाही त्यांनी. आमच्याकडं मरणाचं एवढं काही नसतं, ताई. अनित्य आहे म्हणून आम्ही रोज म्हणतो. तुम्ही विचारायचं होतं.’ त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान रागाला उत्तर देता येतं.

त्या दिवसापासून उत्कर्षा एका मेलेल्या माणसाच्या मनात शिरायची धडपड करत होती. पुण्यातल्या एका जाणकाराला फोन केला, तो म्हणाला, ‘मॅडम, तोडता येत नाही म्हणून तर लोक लावतात.’ मग उरला अंदाज. त्याच्या बायकोचं नाव, श्रेया; तिलाही वाक्य ठाऊक नव्हतं. गावाचं नाव. ती दोन्ही जोडून. त्याची बोधवाक्यं, त्याचे विनोद, तो इन्व्हर्टरला द्यायचा त्या शिव्या. बुद्धवंदनेतली त्रिशरणाची ओळ टाकताना आपण कुणाच्या देव्हाऱ्यात चपला घालून शिरतोय असं वाटलं. समाधान एकदा म्हणाला होता, परवलीचं वाक्य असं असावं की जे माणूस फक्त स्वतःशीच बोलतो. तर तो स्वतःशी काय बोलायचा? इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसला, डब्यातली भाजी वाटून घेतली, आणि तिला एवढंही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ऑफिस बंद करताना, एकटा गाडीवर भिगवणचा रस्ता धरताना, हेल्मेटच्या आत त्याचे ओठ काय पुटपुटायचे? आणि शेवटी शेवटी, चिलापीचा वास येत असताना? तिनं एकदा ‘विचारलं नाही त्यांनी’ हेही टाइप करून बघितलं. वेडेपणाच तो. मशीननं तेही परत केलं.

आणि इकडं जयवंताबाई. दर बाजारच्या दिवशी यायच्या, पिशवीत कधी मेथीची जुडी, कधी शेंगा, ‘ऱ्हाऊ द्या, घरच्या हायत्या,’ म्हणून टेबलावर ठेवायच्या आणि बाकड्यावर बसायच्या. वकिलांच्या बोलण्यातून त्यांना कळलं होतं की मोनाचं बोलणं संस्थेत ठेवलेलं आहे. राजलक्ष्मीताईंनी उत्कर्षाला सांगितलं होतं, सांग त्यांना, तांत्रिक अडचण आहे. फार सोयीचा शब्द. सगळी पापं त्यात मावतात. जयवंताबाई म्हणायच्या, ‘मग दुरुस्त करनाऱ्याला बोलवा की. आमच्या मोटरीला बारामतीतनंच मानूस येतो, चांगला हाय, नंबर दिऊ का?’ उत्कर्षा हसायची, आणि रात्री त्या हसण्याची आठवण होऊन उशी फिरवायची. पण खरी भीती वेगळीच होती, ती तिनं राजलक्ष्मीताईंनाही सांगितली नव्हती. पोलिसांनी जयवंताबाईंचा जबाब घेतला तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, लेकीनं मला कधीच काही सांगितलं नाही, सुखात हाय असंच म्हणायची. त्यावर नवऱ्याचा वकील आता उड्या मारत होता, बघा, आईलाच काही माहीत नाही, मग छळ झाला कधी? जामिनाची तारीख तोंडावर आली होती. आणि उत्कर्षाला माहीत होतं की आईला माहीत होतं. मोनानं त्या बोलण्यात ते सांगितलं होतं, आणि शेवटी म्हटलं होतं, हे आईला ऐकवू नका. म्हणजे फाइल उघडली असती तरी उत्कर्षा ती या बाईला ऐकवू शकली असती का? कधीकधी, अगदी आतल्या कोपऱ्यात, तिला बरं वाटायचं की उघडत नाही. हे मनात आलं की ती पुन्हा मशीनपुढं बसायची आणि पुन्हा तोच हुकूम द्यायची, प्रायश्चित्त घेतल्यासारखा.

‘नो सीक्रेट की.’ तिनं पडदा मिटवला. उठून दाराशी गेली. जयवंताबाईंनी मान वर केली, आणि त्या नजरेत काय होतं म्हणाल तर काही नव्हतं, नुसती सवय होती. आता ही बाई हसेल आणि पुढच्या बाजारी या म्हणेल, याची सवय. उत्कर्षाला अण्णांची नजर आठवली, समाधानचे हललेले ओठ आठवले, आणि आपण आत्ता या क्षणी उशी कुठं आहे ते शोधतोय हेही लक्षात आलं. ती बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

‘मावशी, ते उघडणार नाही,’ ती म्हणाली.

‘आज न्हाय?’

‘कधीच नाही. ज्याच्याकडं किल्ली होती तो समाधान गेला. माझी किल्ली मीच हरवली होती. तो आजारी असताना त्याच्याकडनं मागून घ्यायला गेले होते, आणि मागितली नाही. मला धीर झाला नाही. तांत्रिक अडचण वगैरे काही नाही, मावशी. मी विचारलं नाही म्हणून तुमच्या लेकीचा आवाज गेला.’

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागं ऊस ओढून घ्यायला पोरं धावली. उत्कर्षाला वाटलं आता या आपल्या थोबाडीत मारतील, आणि मारावीच असंही वाटलं. जयवंताबाईंनी पिशवीतली मेथीची जुडी काढली, तिची सुतळी सोडली, परत बांधली.

‘मरनाऱ्याला कसं मागायचं,’ त्या म्हणाल्या. ‘मलाबी झालं नसतं.’ मग थोड्या वेळानं, ‘तुमी ऐकलंय न्हवं पन?’

‘हो. मी समोरच बसले होते.’

‘मग तुमीच सांगा. जसंच्या तसं. तिच्याच बोलीत.’

‘त्यात तुमच्याबद्दल पण आहे, मावशी. आणि तुम्हाला ऐकवू नका म्हणाली होती.’

‘आसंल,’ जयवंताबाई म्हणाल्या. ‘सांगा.’

आणि उत्कर्षानं सांगितलं. डोळे मिटून, कारण उघड्या डोळ्यांनी ते झालं नसतं. तिला वाटलं होतं आपण विसरलो असू, फाइल आहे म्हणून डोक्यात ठेवलंच नसेल. पण पंखा बंद झाल्यावरची ती शांतता तिला आधी ऐकू आली, मग ते हसणं, मग एकेक वाक्य. म्हंजी असं की, तो कामाला जाताना बाहेरनं कडी घालतो. म्हंजी असं की, तणनाशकाची बाटली फळीवर ठिवलीया, जेवताना रोज माझ्याम्होरं आणून ठिवतो, म्हणतो तू न्हाय पिलीस तर मी पाजीन. नवऱ्याचा भाग झाला, सासूचा झाला. मग उत्कर्षाचा आवाज खाली आला, पण ती थांबली नाही. ‘म्हंजी असं की, आईला फोनवर दोनदा सांगितलं मी. ती म्हणली, नवं नवं असतंय, सोसावं जरा. तिचं तरी काय चुकलं, तिच्या पाठीशी कोण हाय. दोनदाच सांगितलं, मग न्हाय सांगितलं. हे आईला ऐकवू नका, ताई. ती जेवायची न्हाय.’

डोळे उघडले तेव्हा जयवंताबाई रडत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडं बघत होत्या, आणि त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, कुणी लांबून हाक मारल्यावर माणूस थांबतो तसं.

‘तीच बोलली,’ त्या म्हणाल्या. ‘म्हंजी असं की. तीच.’ मग त्यांनी उत्कर्षाचं मनगट धरलं, चांगलं घट्ट. ‘आन् पंचमीचं?’

‘पंचमीचं काय?’

‘पंचमीला आली हुती ती. सगळ्याच पोरी येत्यात, झोके खेळत्यात, जात्यात. ही मोठी बॅग घिऊन आली हुती, थंडीची कापडंसुदिक भरलेली. मी बॅग बघितली आन् मला समजलं. सैपाकघरात माझ्याकडं पाठ करून हुबी ऱ्हायली, ब्लाऊज वर केला आन् म्हनली, आई, बघ. मी काय म्हनले ठावं हाय? म्हनले, झाक, कुनी बघंल. आन् दुसऱ्या दिशी एश्टीत बसवून दिली. ती बॅग मी माझ्या हातानं वर चढवली, ताई. त्ये सांगितलं आसंल की तिनं.’

‘नाही, मावशी.’

‘न्हाय? नीट आठवा.’

‘फोनचंच सांगितलं. दोनदाच म्हणाली.’

‘तुमी दोघंच ऐकनार हुता. कुलपात घालून ठिवनार हुता. तितंबी न्हाय?’

‘तिथंही नाही.’

मग जयवंताबाई रडल्या. आवाज न करता नाही, पदर तोंडात कोंबून नाही. मोठ्यानं, खालच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली इतकं मोठ्यानं, ‘माझ्या बाई, माझ्या शान्या बाई’ म्हणत. उत्कर्षानं त्यांना गप्प केलं नाही. पाणी आणायलाही उठली नाही. नुसती बसून राहिली आणि तीही रडली, मोनासाठी, समाधानसाठी, पोपटी भिंतीच्या खोलीतल्या अण्णांसाठी, सगळं एकदमच.

कितीतरी वेळानं जयवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पायांनी चाचपून चपला शोधल्या.

‘चला,’ त्या म्हणाल्या. ‘फौजदाराकडं चला. म्हनावं आदीचा जबाब खोडा, बाई खोटं बोलली हुती. पाठीचं मी सांगते. मी बघितलीया ती पाठ.’